कॉफीगृहें आणि राष्ट्राभिमान

मागील पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग क्षुल्लक होता. परंतु तो कांहीं केल्या मनांतून जाईना, म्हणून प्रस्तुत लेखाचा आरंभ त्यानेंच करीत आहों. आमचा भाचा याच शहरांत, वाळूजच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. तो मोठ्या उत्साहानें घरांत आला आणि हातांतील फोन पुढें करून म्हणाला, "मामा, ही बातमी पाहिलीत कां? आपल्या देशांतल्या कॉफीवाल्यांनीं परदेशांत दुकान थाटलें! आतां तिकडचे लोक रांगा लावून आपली कॉफी पिणार." चित्रांत एक कांचेचें दालन, दारावर भारतीय नांव आणि आंत दहापांच विदेशी चेहरे दिसत होते. बैठकींतल्या मंडळींनीं तें चित्र हातोहात फिरविलें. एकानें "आतां खरी जिरली त्यांची" असा उद्गार काढला. दुसऱ्यानें अमेरिकन कंपन्यांचे दिवस भरल्याचें भविष्य वर्तविलें. आमच्या मातोश्री कोपऱ्यांत बसल्या होत्या. गेलीं साठ वर्षें त्या जायफळ उगाळून दुधांत कॉफी करीत आल्या आहेत. त्यांनीं तें चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलें, परत दिलें आणि विचारलें, "बरें, कॉफी कशी आहे रे त्यांची?"

भाचा गोंधळला. त्यानें ती प्यालेली नव्हती. आम्हांपैकीं कोणीच ती प्यालेली नव्हती.

या साध्या प्रश्नानें आमच्या मनांत जी विचारमालिका सुरू झाली, ती वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करतांना ग्रंथकाराचें गांव कोणतें, किंवा त्याच्या ग्रंथाचें भाषांतर कोणत्या परभाषेंत झालें, हें आपण आधीं विचारीत नाहीं. ग्रंथ कसा आहे, हें विचारतों. निदान तसें विचारावें, अशी अपेक्षा असते. मग देशी व्यापाराच्या पराक्रमाचें परीक्षण करतांना तीच रीत सोडून देण्याचें कारण काय?

येथें आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. राष्ट्राभिमानाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या देशाला शेंदीडशें वर्षें ‘तुम्हांला सुईदेखील करतां येत नाहीं’ असें ऐकावें लागलें, त्या देशाला आपल्या माणसानें केलेल्या वस्तूचें कौतुक वाटलें तर त्यांत नवल नाहीं आणि दोष तर मुळींच नाहीं. १९०५ सालच्या वंगभंगाच्या चळवळीनंतर महाराष्ट्रांत स्वदेशीची जी लाट उसळली तिच्यांतून तळेगांवास १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना उभा राहिला. लोकांनीं दिलेल्या एकेका पैशाच्या वर्गणीवर त्याचा पाया होता. पुढें ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलानें महाराष्ट्रांतील असंख्य घरें उजळलीं. या वस्तूंचा आमच्या आजोबांच्या पिढीला जो अभिमान होता, तो आम्हीं लहानपणीं त्यांच्याच तोंडून ऐकला आहे.

परंतु तो अभिमान आणि परवांचा आमच्या बैठकींतील अभिमान यांत एक महत्त्वाचा भेद आहे. स्वदेशीची वस्तु घरांत येत असे. ती रोज वापरावी लागे. कांच तडकली किंवा वात धुरकट जळली, तर तो दोष लपविण्याची सोय नव्हती. आणि तसें होऊनहि ती वस्तु पुन्हां विकत घ्यावयाची, तर पदरची कांहीं झीज सोसावी लागे. त्या अभिमानाला किंमत पडत होती, म्हणून त्याला डोळेहि होते. आजचा अभिमान घरांत येणाऱ्या वस्तूचा नसून घरांतून बाहेर जाणाऱ्या वस्तूचा आहे. ती वस्तु दूर कोठें तरी परके लोक वापरणार, तिचें चित्र तेवढें आम्ही पाहणार. जी वस्तु आपण चाखीत नाहीं, तिच्याबद्दल आपला अभिप्राय केवळ बातमीवर अवलंबून राहतो. अभिमानाच्या या नव्या प्रकाराला फुकटेपणाचा जो दोष लागतो तो असा.

आतां कॉफीचीच गोष्ट घेऊं. ‘आपली कॉफी’ असें भाचा म्हणाला. ती आपली कशी? कॉफीचें झाड मूळचें इथियोपियाचें. तेथून तें येमेनांत गेलें आणि मोखा बंदरांतून कॉफीचा व्यापार जगभर पसरला. हिंदुस्थानांत तिचें बीज सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या सत्पुरुषानें मोखाहून सात दाण्यांच्या रूपानें लपवून आणलें व तें चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावलें, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजहि बाबाबुदनगिरी म्हणतात. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु मोखाच्या वाटेवरून दख्खनांत आलेली एक व्यक्ति आमच्या शहराच्या अगदीं उंबरठ्यावर उभी आहे, तिच्याकडे मात्र या संबंधांत कोणाचें लक्ष गेलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. ही व्यक्ति म्हणजे मलिक अंबर.

ज्यानें १६१० सालीं खडकी हें नगर वसविलें, जें पुढें औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, तो मलिक अंबर जन्मानें हबशी, म्हणजे कॉफीच्याच मायभूमीचा. लहानपणीं गुलाम म्हणून तो विकला गेला; मोखा, बगदाद असे मुक्काम करीत तो दख्खनांत आला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याच्या मोखा येथील विक्रीची हकीकत पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्यानें लिहून ठेवली आहे. हा व्यापारी १६१७ सालीं दख्खनांतून जात असतां मलिक अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. आणि योगायोग असा कीं, मोखा येथें कॉफीची ओळख झालेल्या अगदीं पहिल्या डच लोकांमध्यें त्याचीच गणना होते. एकाच माणसाच्या लेखणीनें या दोन्ही प्रवाशांची नोंद व्हावी, हा इतिहासाचा मोठा गमतीदार खेळ आहे.

मग मलिक अंबर परका होता काय? ज्याच्या ‘नहर-ए-अंबरी’नें या कोरड्या पठारावरील शहराला खापरी नळांतून पाणी पाजलें, ज्याच्या जमीन-महसुलाच्या पद्धतीचा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासांत आदरानें होतो आणि ज्याच्या बाजूनें भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे लढले, त्याला परका म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. तो या भूमीचा झाला, कारण त्यानें या भूमीसाठीं कष्ट केले आणि आपली बुद्धि येथें खर्च केली. कॉफीलाहि हाच न्याय लावला पाहिजे. कर्नाटकांत मोठ्या वृक्षांच्या सावलींत, मिरीच्या वेलींच्या शेजारीं ती वाढविण्याची रीत येथल्या माणसांनीं बसविली. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांत दाणा फुगवून त्याला एक निराळीच चव आणण्याची कला येथेंच निपजली. एवढें केल्यावर ती कॉफी आपली झाली. वस्तु आपली होते ती बीज कोठून आलें यावरून नव्हे, तर आपण तिच्यांत काय घातलें यावरून. लंडनच्या हाउन्स्लो भागांत २०१० सालीं मुंबईच्या दोन मित्रांनीं ज्या वडापावाचें दुकान काढलें, त्यांतील बटाटा व पाव हे दोन्ही मूळचे पाहुणेच. तरी वडापाव मराठी नाहीं, असें कोण म्हणेल?

हा न्याय मान्य केला म्हणजे अभिमानाची जागा बदलते. मग दूरच्या शहरांतील दुकानाची पाटी गौण ठरते आणि डोंगरांतला मळा, तेथें दाणा खुडणारी बाई, तो भाजणारा कारागीर, हीं महत्त्वाचीं होतात. परंतु आमच्या बैठकींत यांपैकीं एकाचेंहि नांव निघालें नाहीं. महाराष्ट्रांत चिखलदऱ्याच्या डोंगरांत कॉफीचीं झाडें आहेत, हें आम्हीं भाच्याला विचारलें तेव्हां तें त्याला ठाऊक नव्हतें. मेळघाटाची कॉफी त्याच्या गांवीं नाहीं, आणि हजारों मैलांवरच्या कॉफीगृहाची बातमी मात्र उघडल्याच्या दिवशींच त्याच्या हातांत येते. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. आम्हां सर्वांनाच बातमीनें जो रस्ता दाखविला त्यानेंच आपण चालत आहों.

देशी कॉफीगृहांच्या साखळीची जी थोरली कथा आहे, ती ‘कॅफे कॉफी डे’ची. तिचें पहिलें दालन १९९६ सालीं बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर उघडलें. तिचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ हे चिकमगळूरच्या कॉफीमळेवाल्या घराण्यांतले. म्हणजे दाण्यापासून पेल्यापर्यंतचा सारा व्यवहार एका हातांत, अशी ही योजना होती. या उद्योगानें देशांत जें खरें कार्य केलें तें असें कीं, मध्यम वर्गांतील तरुण-तरुणींना घराबाहेर, उजळ माथ्यानें, एक पेला पुढें ठेवून दोन तास बोलत बसण्याची जागा मिळाली. लहान शहरांतल्या मुलींच्या दृष्टीनें तर ही गोष्ट सामान्य नव्हती. समाजाच्या रीतिरिवाजांत अशी भर घालणारा धंदा कौतुकास पात्र आहे आणि हें कौतुक ब्रिगेड रोडवरच करण्याजोगें होतें.

तथापि आमच्या लोकांची छाती फुगली ती २००५ सालीं, व्हिएन्ना शहरांत या साखळीचें दालन उघडलें तेव्हां. पुढें २०१० सालीं तिनें झेक देशांतील ‘कॅफे एम्पोरियो’ ही साखळी विकत घेतली, तेव्हां ती आणखी फुगली. व्हिएन्ना म्हणजे कॉफीगृहांची काशी. तेथें जाऊन आपण कॉफी विकतों, ही कल्पनाच मोठी सुखद होती. व्हिएन्नालाहि कॉफी कोणी तरी बाहेरच्यानेंच शिकविली आहे. तेथलें पहिलें कॉफीगृह १६८५ सालीं योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्यानें काढलें असें मानतात. परंतु तेथील लोकांनीं पुढें तीनशें वर्षें त्या गृहांत बसून वर्तमानपत्रें वाचलीं, नाटकें लिहिलीं, बुद्धिबळें खेळलीं. आणि २०११ सालीं ऑस्ट्रियानें कॉफीगृहांची ही संस्कृति आपल्या अमूर्त वारशाच्या यादींत नोंदविली. तीनशें वर्षांच्या वापरानें जें मिळतें तें एका दालनाच्या उद्घाटनानें मिळाल्याचा भास आम्हांस झाला, हेंच आमचें चुकलें.

या कथेचा उत्तरार्ध सर्वांस माहीत आहे. २०१५ सालीं कंपनीचे भाग बाजारांत आले. २०१९ च्या जुलैंत सिद्धार्थ यांचा दुःखद मृत्यु झाला. उद्योगावर हजारों कोटींचें कर्ज असल्याचें तेव्हां घरोघर कळलें. त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनीं पुढें कारभार हातीं घेऊन तें कर्ज मोठ्या धीरानें उतरवीत नेलें. पण सतराशेंच्या घरांत गेलेली दालनांची संख्या २०२४ पर्यंत पांचशेंच्या आंत आली. एका माणसाच्या शोकांतिकेवरून धडे काढीत बसणें आम्हांस असभ्यपणाचें वाटतें, आणि तें आम्ही करणार नाहीं. आमचें म्हणणें प्रेक्षकांविषयीं आहे. तीं सर्व वर्षें आम्ही शहरें मोजीत होतों. व्हिएन्ना झालें, प्राग झालें, पुढें कोणतें, असें विचारीत होतों. ताळेबंद छापील होता, वाचणाऱ्याला मोकळा होता. परंतु तो वाचावा असें अभिमान बाळगणाऱ्यांपैकीं किती जणांना वाटलें? ज्याच्यावर आपलें प्रेम आहे त्याच्या प्रकृतीची चौकशी आपण करतों. येथें प्रकृतीची चौकशी कोणींच केली नाहीं. केवळ त्याच्या अंगावरील भरजरी शालीचें कौतुक झालें.

हें लिहीत असतां आम्ही दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवीत आहों, असें वाचकांनीं समजूं नये. तेंच वर्ष, २००५, आमच्या शहराच्याहि स्मरणांत आहे. पैठण रस्त्यावरील चितेगांवचा व्हिडिओकॉनचा कारखाना एके काळीं या शहराचा मानबिंदु होता. मराठवाड्यांतील एका उद्योगानें दूरदर्शन संच घरोघर पोंचवावेत, ही गोष्ट येथें आम्हां सर्वांनाच उमेद देणारी होती. त्या वर्षीं जून महिन्यांत या कंपनीनें फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा सुमारें २४ कोटी युरोंना घेण्याचा करार केला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने आमच्या शहराशीं नात्यानें बांधले गेले. येथील चहाच्या दुकानांतून त्या दिवसांत जी चर्चा चाले, तींत इटलीचें नांव असें निघे कीं जणूं तें फुलंब्रीच्या पलीकडलें एखादें खेडें आहे.

परंतु थॉमसन कंपनी तो धंदा कां विकीत होती, हें विचारणारा मनुष्य विरळा. जाड कांचेच्या चित्रनळीचे दिवस संपत आले होते. सपाट पडद्यांचे संच बाजारांत उतरले होते. घर सोडून जाणाऱ्यानें विकावयास काढलेलें सामान आम्हीं गृहप्रवेशाच्या थाटांत वाजत गाजत आणलें. पुढें या उद्योगसमूहानें इतर अनेक धंद्यांत हात घातला, कर्जें वाढलीं आणि २०१८ सालीं कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेलें. समूहाच्या तेरा कंपन्यांवर मिळून धनकोंचे जे दावे मान्य झाले त्यांची रक्कम ६४ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. कारखाना बुडतो तेव्हां गांवाला जें सोसावें लागतें तें आंकड्यांत सांगतां येत नाहीं. त्यांत कामगारांचीं घरें असतात, सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारांचीं थकलेलीं बिलें असतात आणि पोरांच्या शिक्षणाचे बेत असतात. परदेशांतील विजयाची मिठाई जे खातात ते आणि पराजयाचें बिल जे भरतात ते, हे लोक बहुधा निराळे असतात. आमच्या मतें या सर्व विषयांतील खरी गंभीर गोष्ट हीच होय.

या कंपनीनें आपल्या नांवापुढें एक बिरुद लावलें होतें: ‘द इंडियन मल्टिनॅशनल’. वाङ्मयाच्या परीक्षणाची सवय असलेल्या माणसाला असल्या बिरुदांकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं, कारण आजच्या काळांत सर्वांत अधिक वाचलें जाणारें वाङ्मय तेंच आहे. या तीन शब्दांत वस्तूचा उल्लेख नाहीं. संच चांगला आहे, टिकाऊ आहे, चित्र स्वच्छ दिसतें, असें कांहीं नाहीं. आम्ही अनेक राष्ट्रांत आहों, एवढेंच तें सांगतें. आणि सांगतें कोणाला? इटालियनाला तें सांगण्यांत अर्थ नव्हता. तें आम्हांलाच उद्देशून होतें. आमच्या खिशांतील पैशाच्या आधीं आमच्या अभिमानाला हात घालणारें असें हें वाक्य होतें.

त्याच्या शेजारीं दुसऱ्या एका उद्योगाचीं दोन बिरुदें ठेवून पाहावीत. १९८५ पासून वाळूज येथें ज्यांचा कारखाना आहे, त्या बजाज ऑटोनें १९८९ सालीं ‘हमारा बजाज’ ही जाहिरात काढली. तीस वर्षांनीं, २०१९ च्या जानेवारींत, त्याच कंपनीनें ‘द वर्ल्ड्स फेव्हरिट इंडियन’ हें नवें ब्रीद स्वीकारलें. पहिल्या वाक्यांत मालकी आमची आहे. ज्या स्कूटरसाठीं माणसें वर्षानुवर्षें यादींत नांव नोंदवून वाट पाहात, जिच्यावर नवरा-बायको व दोन मुलें असा सबंध संसार बसे, तिला ‘आमची’ म्हणण्यांत अतिशयोक्ति नव्हती. उलट ग्राहकाच्याच मनांतील शब्द जाहिरातदारानें उचलला होता. दुसऱ्या वाक्यांत मालकी जगाची झाली आहे. आवडणें हें काम जग करतें. आम्हीं त्या आवडीकडे पाहून संतुष्ट व्हावयाचें. शिवाय पूर्वीं गाडी आमची होती. आतां गाडीच ‘इंडियन’ झाली आणि तिच्या पाठीवर बसून आम्ही जगांत मिरवूं लागलों. ‘आमचा’ या शब्दापासून ‘जगाचा आवडता’ या शब्दांपर्यंतचा हा प्रवास म्हणजे गेल्या तीस वर्षांत आमच्या मध्यम वर्गाच्या मनानें केलेला प्रवासच आहे.

न्यायाची गोष्ट अशी कीं, या दुसऱ्या ब्रीदामागें वस्तु खरी आहे. सत्तरांहून अधिक देशांत या गाड्या जातात. आफ्रिकेंतील नायजेरिया, केनिया, युगांडा अशा देशांतून ‘बॉक्सर’ मोटारसायकलीवर भाड्यानें माणसें नेणाऱ्यांचें पोट चालतें. खडबडीत रस्ता, दोनतीन माणसांचें ओझें, सुटे भाग मिळण्याची पंचाईत, या सर्वांतून ती गाडी पार पडते, म्हणून ती विकली जाते. तेथल्या चालकाला आमच्या राष्ट्राभिमानाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. ‘गाडी कशी आहे?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नांत ती उतरली आहे. आमच्या मातोश्रींच्या कसोटीला लागणारा असा हा पराक्रम आहे.

असें असतां, आमच्या बैठकींतून लागोसच्या रस्त्याचें चित्र कधीं हातोहात फिरल्याचें आम्हांस आठवत नाहीं. व्हिएन्नांतील एका पेल्यानें जो हर्ष होतो तो नायजेरियांतील असंख्य गाड्यांनीं होत नाहीं. याचें कारण स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. आम्हांला परदेशाची वाहवा हवी असते. पण ती अमुक वर्णाच्या परदेशाची हवी असते. ज्यांनीं आमच्यावर राज्य केलें, किंवा जे त्यांच्यासारखे दिसतात, त्यांनीं पाठ थोपटली तरच ती थोपटली असें आम्हांस वाटतें. ज्याच्या स्वभूमींतून कॉफी आली आणि आमच्या शहराचा संस्थापकहि आला, त्या आफ्रिका खंडानें दिलेली पसंती आम्ही जमेस धरीत नाहीं. याला राष्ट्राभिमान हें नांव शोभत नाहीं. जुन्या शाळामास्तरांकडून मिळालेल्या शाबासकीसाठीं मोठेपणींहि हपापलेल्या मुलाची ही वृत्ति आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, तुम्ही घरांत बसून नाकें मुरडतां. जो बाहेर पडतो तो कधीं पडणार, कधीं चढणार. धाडस करणाऱ्याला उत्तेजन द्यावयाचें सोडून त्याचे ताळेबंद तपासण्यांत काय पुरुषार्थ आहे? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि धाडसाचा उपहास आम्ही कोठेंहि केलेला नाहीं. टाटांनीं २००० सालीं इंग्लंडची टेटली ही चहाची पेढी घेतली, तेव्हांहि पुष्कळांनीं माना हलविल्या होत्या. तो व्यवहार टिकला. धाडस करणारा चुकूं शकतो, हा त्याचा हक्क आहे. परंतु उत्तेजन म्हणजे टाळ्या नव्हेत. नाटकमंडळीला वाईट प्रयोगावरहि टाळ्या मिळूं लागल्या म्हणजे तिचें नाटक सुधारत नाहीं, आणि प्रेक्षकांचीहि अभिरुचि बिघडते. उद्योगाला चोखंदळ ग्राहक, स्पष्टवक्ता भागीदार व हिशेब विचारणारें गांव लाभलें, तर त्याहून मोठें उत्तेजन कोणतें?

शिवाय, डोळस अभिमानाला जागा नाहीं असेंहि नाहीं. पूर्व घाटांतील अरकू खोऱ्यांत आदिवासी शेतकरी जी कॉफी पिकवितात, ती ‘अरकू’ याच नांवानें, म्हणजे आपल्या गांवाच्या नांवानें, २०१७ सालीं पॅरिसच्या दुकानांत गेली. तेथें विकला जाणारा दाणा कोणत्या डोंगरांतला व कोणाच्या हातचा, हें लपविलेलें नाहीं. किंबहुना तेंच तिचें भांडवल आहे. आपल्या देशांतील कॉफीचा मोठा भाग परदेशीं जातो, आणि त्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक इटली आहे. परंतु तेथें तो दुसऱ्यांच्या मिश्रणांत मिसळून निनांवी होतो. निनांवी दाण्याला नांव मिळवून देणें, ही अभिमानाची गोष्ट खरी. दुसरें उदाहरण घरचें आहे. १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेटला ज्यांचा आरंभ झाला, तीं सरकारी कॉफीगृहें पन्नासाच्या दशकांत बंद करण्याचें ठरलें. तेव्हां नोकरी जाण्याच्या बेतांत असलेल्या कामगारांनीं ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें १९५७ पासून सहकारी संस्था काढून तीं स्वतःच चालविलीं. फेटेवाला वाढपीच तेथें मालक आहे. ‘इंडियन कॉफी हाउस’चें दालन व्हिएन्नांत नाहीं. पण ‘आमचें’ हा शब्द त्याच्याइतका सरळ अर्थानें वापरण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्या कॉफीगृहाला आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

सारांश, परदेशांत देशी नांवाची पाटी झळकल्याचा आनंद मानूं नये, असें आमचें सांगणें नाहीं. आनंद मानावा, पण त्याबरोबर तीन गोष्टी विचारण्याची संवय घरांतल्या मुलांना लावावी. वस्तु कशी आहे, ती करणाऱ्याच्या पदरांत काय पडतें, आणि हा डोलारा कोणाच्या पैशावर उभा आहे. हे प्रश्न विचारणारा मनुष्य देशद्रोही ठरत नाहीं. स्वदेशीच्या काळीं कांचेला बोटानें टिचकी मारून ती विकत घेणारी आमची आजी या देशावर कांहीं कमी प्रेम करीत नव्हती.

दिवाळीच्या सुटींत भाचा मित्रांबरोबर मेळघाटांत गेला होता. येतांना त्यानें चिखलदऱ्याच्या कॉफीची एक पुडी आणली आणि कांहीं न बोलतां ती मातोश्रींच्या पुढें ठेवली. त्यांनीं त्या दिवशीं जायफळ घातलें नाहीं. नुसती कॉफी केली आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटून थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "दाणा चांगला आहे रे. भाजण्यांत मात्र घाई झाली आहे." भाच्यानें पुडीवरचा पत्ता पाहिला, खिशांतून फोन काढला आणि तें वाक्य जसेंच्या तसें लिहून विकणाऱ्याला पाठविलें. दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें कीं, पुढच्या खेपेस मंद आंचेवर भाजून पाहतों. ती खेप अजून यावयाची आहे. आमच्या घरीं सध्यां तिची वाट पाहणें चाललें आहे.